मदत हवी आहे: हंगेरियन 'रॉकोत्त कापोस्तॉ'च्या तळाशी पाणी सुटतंय

नमस्कार मंडळी,

दिवाळीला लेक घरी येतेय, तीन आठवडे हातात आहेत. आम्ही दोन वर्षं बुडापेस्टला होतो तेव्हा ती सात वर्षांची होती. शेजारच्या आजी थंडीत 'रॉकोत्त कापोस्तॉ' करायच्या, म्हणजे थर लावलेला कोबी. आंबवलेला कोबी, भात, पाप्रिका (तिकडची लाल मिरचीची पूड) घातलेला डुकराचा खिमा, धुरी दिलेल्या सॉसेजच्या चकत्या, मध्ये आणि वर 'तेयफोल', म्हणजे त्यांचं दाट सावर क्रीम. भांडं ओव्हनमधून निघालं की कडा खरपूस तपकिरी दिसायच्या आणि सुरी फिरवली की वडीसारखा अख्खा चौकोन ताटात यायचा. लेक अजून त्याची आठवण काढते.

गेल्या रविवारी पुण्यात करून बघितलं. ताजा कोबी चिरून व्हिनेगरमध्ये दोन तास ठेवला, आंबेमोहोराचा भात अर्धा शिजवून घेतला, तेयफोलऐवजी घरचं दही घातलं. तळाशी बोटभर पाणी, दही फुटून चोथा, भाताचा गोळा. खिमाही कडवट लागला. तेल चांगलं तापल्यावर काश्मिरी मिरचीची पूड टाकली होती. सॉसेज मिळालं नाही तर गोव्याचं चोरिस चालेल का? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद:

ताई, मी बरीच वर्षं हंगेरीतल्या डेब्रेत्सेनला आहे, आमच्याकडे हे महिन्यातून एकदा होतंच. याला कोलोझ्वारी कोबीही म्हणतात. कोलोझ्वार म्हणजे आताचं रोमानियातलं क्लुज.

व्हिनेगर सोडा. याची चव आंबवण्यातूनच येते आणि तुमच्याकडे वेळ आहे. एक किलो बारीक चिरलेल्या कोबीला २० ग्रॅम मीठ लावून पाणी सुटेपर्यंत चुरा, काचेच्या बरणीत दाबून भरा, वर वजन ठेवा. कोबी स्वतःच्या पाण्याखाली बुडालेला हवा, वर राहिला की बुरशी धरते. झाकण सैल ठेवा. पुण्याच्या हवेत आठ-दहा दिवसांनी चाखून बघा. करायच्या दिवशी घट्ट पिळा, फार आंबट असेल तर आधी धुऊन घ्या. मग चरबीत तमालपत्र घालून पाणी आटेपर्यंत परता. तळाचं पाणी इथेच थांबतं.

भातासाठी कोलम घ्या, १५० ग्रॅम पुरे. आंबेमोहोर मऊ आणि चिकट होतो. कांदा परतून झाला की पातेलं गॅसवरून उतरवा, मगच मिरचीपूड घाला आणि लगेच अर्धा किलो खिमा टाका. पाप्रिकेत साखर असते, कडक तेलात ती क्षणात करपते. तुमच्या खिम्याचंही तेच झालं. काश्मिरी मिरची रंगाला छान, फक्त तिखट बेताने.

नुसतं दही फुटणारच, त्यात स्निग्धांश कमी. तेयफोल २० टक्क्यांचं असतं. चक्का आणि फ्रेश क्रीम निम्मंनिम्मं घ्या, चमचाभर मैदा फेटा.

चोरिस नको. त्यातला व्हिनेगर आणि मसाला सगळ्यावर चढतो. त्यापेक्षा स्मोक्ड बेकन घाला.

सगळ्यात खाली आणि सगळ्यात वर कोबी, त्यावर क्रीम. १८० अंशांवर ४५ मिनिटं. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नका, तेवढ्यात थर धरतात. दुसऱ्या दिवशी तर जास्तच छान लागतं, म्हणून लेक यायच्या आदल्या दिवशीच करून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती:

मनापासून आभार. कोबी आणलाय, बरणी उन्हात वाळत ठेवली आहे. चाखल्यावर इथेच कळवते.