स्पॅनिशमधला 'फाएना' : काम, कामगिरी की दगा?

प्रश्न : कोशात 'फाएना' म्हणजे काम, कष्ट असं दिलंय. पण धड्यातल्या संवादात गाडी चुकलेल्या मैत्रिणीला दुसरी म्हणते, "के फाएना!" तिथे 'काय हे काम' बसत नाही. पुढे एक जण तक्रार करतो, "मे आ एचो उना फाएना." इथे कोणी कोणाचं काम केलं?

उत्तर : कोणीच कोणाचं काम केलेलं नाही, उलट घात केलाय. "त्यानं मला चांगलंच गोत्यात आणलं" असा त्याचा अर्थ. आणि "के फाएना!" म्हणजे "अरेरे, पंचाईतच झाली की!" पण मूळ अर्थ काम हाच, आणि तो आधी नीट धरलेला बरा.

लॅटिनमध्ये 'फाकिएंदा' म्हणजे 'करावयाच्या गोष्टी'. आपला 'कर्तव्य' शब्द अगदी याच साच्यातला आहे : कृ धातू अधिक तव्य, जे करायचं ते. हा लॅटिन शब्द स्पॅनिशमध्ये दोन वाटांनी आला. थेट आला तो 'आसिएंदा'. त्यात सुरुवातीचा फ गळाला, जसा 'फारिना'चा 'आरिना' (पीठ) झाला. 'फाएना' मात्र कातालानमधून, म्हणजे ईशान्य स्पेनमधल्या भाषेतून आला, म्हणून त्याचा फ शाबूत राहिला. आसिएंदा म्हणजे मोठी शेतजमीन, जहागीर. आणि सरकारी खजिनाही. स्पेनमध्ये आज करखात्याला सगळे आसिएंदाच म्हणतात. पोर्तुगीजमधला 'फझेंदा' याचाच भाऊ. पणजीत लेखा संचालनालयाची इमारत फझेंदा या नावानं ओळखली जाते, ती त्यामुळेच.

फाएना हे साधंसुधं काम नव्हे, त्यात अंगमेहनत असते. शेतीची कामं 'फाएनास देल कांपो', घरकामं 'फाएनास दोमेस्तिकास'. वायव्य स्पेनमधल्या गालिसियातल्या बोटी खोल समुद्रात मासेमारी करतात त्याला क्रियापद 'फाएनार'. अटलांटिक ओलांडला की प्रत्येक देशानं आपापलं मुख्य काम या शब्दाला चिकटवलेलं दिसतं. चिलीत 'फाएना मिनेरा' म्हणजे खाणीची जागा, तिथलं चालू काम. अर्जेंटिना-उरुग्वेत फाएना म्हणजे कत्तलखान्यात जनावर कापणं. बातमीत 'फाएना वाढली' आलं तर ते मांसाच्या धंद्याबद्दल असतं. मेक्सिकोच्या खेड्यांत फाएना म्हणजे गावानं मिळून, मजुरी न घेता केलेलं काम : रस्ता, पाण्याचा पाट, शाळेची भिंत. आपल्याकडच्या श्रमदानाला हा शब्द बेलाशक वापरावा.

आता वळूच्या रिंगणातली फाएना. झुंजीचे तीन भाग असतात. शेवटच्या भागात मातादोर (वळूला मारणारा मुख्य झुंजकरी) एकटा, हातात काठीला लावलेलं लाल कापड, म्हणजे 'मुलेता', आणि तलवार. त्या कापडानं तो वळूला आपल्याभोवती फिरवत राहतो, त्या सगळ्या खेळीला मिळून फाएना म्हणतात. तिला वेळेचं बंधन आहे : 10 मिनिटांत वळू पडला नाही तर पहिला इशारा वाजतो, पुढच्या 3 मिनिटांनी दुसरा, आणखी 2 मिनिटांनी तिसरा, मग वळू जिवंत परत नेतात आणि मातादोरची नाचक्की होते. म्हणून इथे फाएनाचं मराठी 'काम' करू नये. 'कामगिरी' जवळचं. मला स्वतःला हा खेळ क्रूर वाटतो, पण त्याचे शब्द कळल्याशिवाय स्पॅनिश वर्तमानपत्र नीट वाचता येत नाही, हेही खरं.

प्रश्न : मग वाचताना कोणता अर्थ घ्यायचा ते ओळखायचं कसं?

उत्तर : वाक्यात 'मला, तुला, त्याला' आहे का ते बघा. 'आसेर' (करणे) आणि 'उना फाएना' यांच्या जोडीला 'मे', 'ते', 'ले' आलं आणि समोर माणूस असला, की दगाच समजा. आपल्याकडे 'करणी' तशीच आहे. 'त्याची करणी' म्हटलं तर नुसती कृती. 'त्याच्यावर करणी केली' म्हटलं की ऐकणारा दचकतो. फरक एवढाच की फाएनात जादूटोणा नाही, तो माणसाचा सरळसरळ आगाऊपणा किंवा दुष्टपणा. उद्गारवाचक आलं, तर दोष कोणाचाच नसला तरी चालतो, पावसानं सहल बुडाली तरी "के फाएना!"

'मेतेर्से एन फाएना' म्हणजे कामाला भिडणे. यात वाईट काही नाही.

प्रश्न : 'फाएना दे आलिन्यो' म्हणजे? 'आलिन्यो' तर सॅलडवरचं तेल-व्हिनेगर ना?

उत्तर : तेही, पण इथे 'तयारी'. वळू बेभरवशाचा निघाला की मातादोर शोभेच्या फंदात पडत नाही, त्याला मारण्याच्या स्थितीत आणण्यापुरत्या चार हालचाली करतो. बाहेर तोच शब्दप्रयोग वेळ मारून नेलेल्या कामाला लावतात. मराठीत 'उरकलं' या एका क्रियापदात तो भाव पुरेपूर येतो, भाषांतर करताना तेच घ्या.