आरोग्यसेवेत बायका ७० टक्के, वरच्या खुर्च्यांवर २५

लालबागची सिस्टर
जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मांडलेला हिशेब आहे हा, जगभरचा. आपल्याकडे? २००५ पासून आशाताई दारोदार फिरतायत, आज त्या दहा लाखांच्या आसपास. २०२२ मध्ये त्याच संघटनेने त्यांचा गौरव केला. सरकारदरबारी मात्र त्या 'स्वयंसेविका'. पगार म्हटलं की रजा आली, पेन्शन आली. म्हणून 'मानधन' म्हणायचं. आधी हा शब्द काढा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दादरचा निवृत्त डॉक्टर
सिस्टर, मानधनाचं पटलं. पण ७० आणि २५ ची तुलना पटत नाही. त्या ७० मध्ये नर्स, सेविका सगळ्या आल्या. अधिष्ठाता व्हायला एमडी, एमएस लागतं. आज वर बसलेत ते तीस वर्षांपूर्वीचे विद्यार्थी. माझ्या बॅचला मुली मोजक्याच होत्या, आता वर्गात निम्म्या दिसतात. धीर धरा. याच मुंबईत १८८६ ला कामा रुग्णालय उघडलं, त्याची धुरा डॉ. इडिथ पीची या बाईंकडेच होती.

लालबागची सिस्टर
सर, कामा बायकांसाठीच होतं, म्हणून तिथे बाई. बाकी ठिकाणी नर्सची शिडी मेट्रनपाशी संपते. कोविडात आम्हाला किट आले ते पुरुषी मापाचे. बाह्या दुमडून चिकटपट्टी लावायचो. पाळी आली तरी सहा-सहा तास ते अंगावरून काढता यायचं नाही. खरेदी ठरवताना एकाही सिस्टरला कुणी विचारलं नव्हतं.

ब्रदर, ठाणे
मीही स्टाफ नर्स. एम्समध्ये २०१९ ला नर्सिंग भरतीच्या ८० टक्के जागा बायकांना ठेवल्या. मग समानता कुठे गेली? वॉर्डात दारुडा आवरायचा, जड पेशंट उचलायचा, की हाक 'ब्रदर!'

लालबागची सिस्टर
ब्रदर, तुमचं म्हणणं खरं आहे. तो नियम मलाही मान्य नाही. नर्सिंग म्हणजे बाईचंच काम, हा समज त्यामागे आहे आणि आमचा पगारही त्यानेच खाली राहतो.

आरोग्य सेविका, धारावी
डॉक्टरसाहेब, पोलिओच्या मोहिमेत मी दारावर खडूने खूण करते, पोराच्या करंगळीला शाई लावते. कुलूप असेल तर संध्याकाळी परत जाते. रात्री घरी बसून सगळी माहिती माझ्याच मोबाईलवर भरते. एकोणीस वर्षं झाली. वर जायला मला पायरीच नाही, तर धीर कशासाठी धरू?

दादरचा निवृत्त डॉक्टर
ताई, तुमच्यासारख्यांच्या नोंदींवरच मी आयुष्यभर अहवाल लिहिले. 'धीर धरा' हे शब्द मागे घेतो. अधिष्ठात्याच्या पात्रतेबद्दलचं मत मात्र तेच आहे.