माजी सैनिकाला बोलवायचं तर इतिहासाच्या तासाला बोलवा

पाटीपेन्सिल:

जून २०२५ मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासून मुलांना प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याचा आणि त्यासाठी माजी सैनिकांची मदत घेण्याचा विचार जाहीर केला. तेव्हापासून आमच्या शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघतोच. सगळा रोख कवायत, व्यायाम आणि शिस्त यांवर. माझं मत असं की माजी सैनिकाची जागा मैदानाआधी इतिहासाच्या वर्गात आहे.

मी सातारा जिल्ह्यात नववी-दहावीला इतिहास शिकवते. इथे प्रत्येक आळीत एक तरी फौजी सापडतो. शाळेत त्यांना बोलावणं येतं ते १५ ऑगस्टला नाहीतर २६ जानेवारीला. नारळ, शाल, पाच मिनिटांचं भाषण. ज्या माणसाने १९७१ चं युद्ध लढलंय, त्याच्याकडून मुलांना त्या युद्धाचं अवाक्षरही कळत नाही. तेव्हाचा विशीतला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. अजून किती वर्षं आपण त्यांना नारळच देत राहणार?

माझ्या वर्गात एक निवृत्त सुभेदार आले होते. त्यांना मी एकच सांगितलं होतं, भाषण नको, घरातला एखादा जुना कागद आणा. त्यांनी आईने पाठवलेलं आंतर्देशीय पत्र आणलं. पत्त्यात नंबर, नाव, पलटण आणि शेवटी '५६ एपीओ', म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय. पत्र बाकांवरून फिरलं आणि एका मुलीने विचारलं, "यात गाव कुठाय?" तिथून पुढे तास त्या मुलांनीच चालवला. मग पोस्टमनला कसं कळायचं? आईला ठाऊक होतं का मुलगा कुठे आहे ते? जागा लपवायची कशासाठी? युद्ध म्हणजे टपाल, रसद, रस्ते हेही असतं, हे मला फळ्यावर लिहावं लागलं नाही.

आपली मुलं पानिपत शिकतात आणि १४ जानेवारी १७६१ ही तारीख पाठ करतात. त्याआधी कित्येक आठवडे छावणीची रसद तुटली होती, रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर तर उपासमारच सुरू झाली, आणि लढणाऱ्यांच्या बरोबरीने यात्रेकरू व बाजारबुणगे पोसावे लागत होते, हे किती जणांना सांगता येतं? लष्करी इतिहास म्हणजे मला हे अभिप्रेत आहे. तुमचं काय मत?

निळीशाई:

विरोध नोंदवतो. मीही इतिहासाचाच शिक्षक, मराठवाड्यात.

आठवण हे इतिहासाचं साधन आहे, इतिहास नव्हे. साधन तपासावं लागतं. छातीवर पदकं लावलेला, आजोबांच्या वयाचा माणूस समोर उभा असताना चौदा वर्षांचं पोर त्याला 'हे खरं कशावरून?' असं विचारणार आहे का? आपल्याकडे तसं विचारणं उद्धटपणा ठरतो. म्हणजे तपासणी होणार नाही, फक्त भारावणं होईल.

दुसरं, बोलावणं कुणाला जातं ते बघा. १९७१ वाल्याला जातं, कारगिलवाल्याला जातं. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात शांतिसेना म्हणून गेलेल्यांना कोण बोलावतं? तिथे आपले अकराशेहून जास्त जवान मृत्युमुखी पडले. १९६२ च्या चीन युद्धावर बोलायला कुणाला बोलावणार? त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. वर्गात जिंकलेली युद्धंच येत राहिली तर मुलांचा समज होईल की आपण कधी हरलोच नाही. असा इतिहास शिकवण्यापेक्षा न शिकवलेला बरा.

सागरगोटा:

मी याच श्रीलंकेत गेलेल्या जवानाची मुलगी. वडील परत आले नाहीत. मी लहान होते.

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेने आईला वीरपत्नी म्हणून बोलावलं. स्टेजवर बसवलं, निवेदकाने आवाज चढवून 'कपाळाचं कुंकू पुसलं गेलं' वगैरे सुरू केलं. आई रडली. ती रडत असतानाच फोटो काढले आणि तोच फोटो पुढे शाळेच्या वार्षिकांकात छापला. वडील तिकडे का गेले होते, कुणाशी लढत होते, त्या शाळेतल्या एकाही मुलाला शेवटपर्यंत कळलं नाही. आईलाही कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, तिच्याकडे सगळी पत्रं आहेत.

पाटीपेन्सिल, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतंय. पण प्रत्येक शाळेत तुमच्यासारखी बाई नसते. योजना सरकारी झाली की ती स्टेजवरच जाणार. म्हणून माझा ठाम विरोध.

लाईनमन:

सिग्नल्समधून, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन दलातून, नाईक म्हणून पेन्शन आलो. शाळांत तीन-चार वेळा बोलावलंय मला.

दर वेळी सूत्रसंचालक म्हणतो, आता हे आपल्याला शौर्यकथा सांगतील. अहो, माझं काम लाईन टाकायचं. बर्फात वायर तुटते, ती शोधत जायचं, हातमोजे काढल्याशिवाय जोड बसत नाही आणि काढले तर बोटं बधिर होतात. ही माझी नोकरी. हे सांगायला लागलो की मागून चिठ्ठी येते, 'प्रेरणादायी बोला'.

निळीशाई सर म्हणतात पोरं विचारणार नाहीत. पोरं विचारतात. सातवीतल्या एकाने मला सरळ विचारलं होतं, काका, तुम्ही माणूस मारलाय का? त्याच्या सरांनी त्याला खाली बसवलं, माझी माफी मागितली. मला उत्तर द्यायचं होतं. तो प्रश्न त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न होता.

सागरगोटा ताई, तुमच्या आईंबरोबर जे झालं ते वाईटच. पण म्हणून आम्ही सगळ्यांनी गप्प बसायचं का? कुठली पोस्ट, किती माणसं, कुठली सामग्री हे आम्ही सांगणार नाही, ते आम्हाला कळतं. बाकी सांगण्यासारखं भरपूर आहे.

भीमथडी:

'प्रत्येक आळीत एक तरी फौजी' हे वाक्य मला खटकलं. कुठल्या आळीत?

इंग्रजांनी 'लढाऊ जाती' ठरवल्या आणि १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या ते सैन्यात होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, सैन्याच्या शाळेत शिकवत होते. भरती बंद झाल्यावर ती पुन्हा सुरू करा म्हणून १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारला अर्ज लिहिला. तेही सैन्यातून निवृत्त झालेले. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ महार ही पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर मोडून टाकली. आजची महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिली.

म्हणजे गावातल्या माजी सैनिकांची यादी काढली, तर त्या यादीत कोण आहे यामागेही इतिहास आहे आणि कोण नाही यामागेही. हे शिक्षकाने आधी शिकवलं नाही तर पाहुण्याच्या भेटीतून मुलांना एवढंच कळेल की अमुक समाज शूर आणि तमुक नाही. माझा विरोध पाहुण्याला नाही. लष्करी इतिहास पाहुण्यावर सोपवण्याला आहे.

पाटीपेन्सिल:

भीमथडी, वलंगकरांचा अर्ज मी यंदा घेणार. निवृत्त सैनिकाने लिहिलेला कागद याहून चांगला कुठला मिळणार?

निळीशाई, पराभव वर्गात यायलाच हवेत. आमच्याकडे कित्येक गावांत चावडीजवळ किंवा वेशीत पहिल्या महायुद्धाची पाटी आहे, १९१४ ते १९१९. किती गेले आणि त्यांतले किती मेले, एवढा आकडा. नाव एकाचंही नाही. त्यांतले काही मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले असणार. तिथे तुर्कांनी कूत गावाला घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, एप्रिल १९१६ मध्ये तिथे शरणागती झाली आणि कैदेत माणसं वाटेतच मेली. तो पराभवच होता, तोही दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी. मी आधी ती पाटी दाखवते, मग माणसाला बोलावते. नावं का नाहीत, हा प्रश्न डोक्यात घेऊन बसलेली मुलं भारावून जात नाहीत.

जिंकलेल्या लढाईतही तपासायला खूप असतं. डिसेंबर १९७१, आजच्या बांगलादेशातलं जमालपूर. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, समोरच्या पाकिस्तानी ३१ बलुच पलटणीच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. मग रात्री वेढा फोडून निघताना त्यांची बरीच माणसं आपल्या १ मराठा लाईट इन्फंट्रीच्या माऱ्यात सापडली. ही गोष्ट सांगितली की मुलं टाळ्या वाजवतात. मी विचारते, ती चिठ्ठी घेऊन पलीकडे कोण गेला? मुक्तिवाहिनीतला एक स्थानिक माणूस. त्याच्याकडून ही गोष्ट कशी ऐकायला मिळाली असती? आणि ३१ बलुचच्या साध्या शिपायाकडून? एकाच बाजूची साक्ष आपल्यासमोर आहे, हे मुलांना इथे कळतं.

सागरगोटा, तुम्हाला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. फोटो नको आणि स्टेज नको, हे मी माझ्या शाळेत लेखी करून घेतलंय. सगळ्या शाळांचं मी सांगू शकत नाही.

निळीशाई:

पाटीचा मुद्दा मान्य. पुढच्या सत्रात आमच्या तालुक्यात अशा पाट्या शोधायला मुलांना पाठवतो.

पण तुम्ही जिथून सुरुवात केलीत त्यावर बोलला नाहीत. पहिलीतल्या मुलाला कूत कळत नाही आणि वलंगकरही कळत नाहीत. त्याला कळते ती रांग आणि हुकूम. त्या वयात माजी सैनिक शाळेत आला तर तो इतिहास सांगायला येणार नाही, 'सावधान' म्हणायलाच येणार. त्याला तुमचा पाठिंबा आहे का?

पाटीपेन्सिल:

नाही. आठवीच्या खाली नको.

लाईनमन:

मी यात बाईंच्या विरोधात. पहिली-दुसरीच्या पोरांना मी कवायत शिकवणार नाही, पण वायरचे दोन तुकडे आणि गाठ मारायचं कसब घेऊन गेलो तर काय बिघडतं? माझी नात दुसरीत आहे, तिला येते.

सागरगोटा:

लाईनमन काका, गाठ शिकवायला जरूर जा. फक्त निवेदक नको म्हणून आधीच सांगा.