मेस्सियाँ यांच्या युद्धकैदेतील रचनेत सम का सापडत नाही?

प्रश्न (तबल्याचा विद्यार्थी, सदाशिव पेठ):
फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेस्सियाँ यांनी जर्मनांच्या कैदेत पूर्ण केलेले ‘काळाच्या अंतासाठी चतुष्टय’ काल रात्री ऐकले. सवयीने मांडीवर ताल धरला, परंतु पहिल्या भागात चार वेळा नव्याने मोजूनही पियानोची सम हाती लागली नाही. वादन मात्र कुठेही डळमळत नव्हते, म्हणजे हिशेब पक्का असणार. जाणकारांनी तो कृपया उलगडून सांगावा.

प्रतिसाद १ (पियानो शिक्षिका, औंध):
ती सापडू नये अशीच बांधणी आहे. पियानोची लय १७ आघातांची आहे, तर पुन्हापुन्हा फिरणारे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरसमूह, २९ आहेत. त्यामुळे लय पुन्हा पहिल्या आघातावर येते तेव्हा कॉर्ड अठरावा असतो आणि दोन्ही एकत्र मुखड्यावर येण्यास ४९३ आघात लागतात. हा भाग तीनेक मिनिटांतच संपतो. आपल्याला विशेष वाटावे असे म्हणजे ती लय रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या देशी तालांची जोडणी आहे. हे ताल शार्ङ्गदेवांच्या ‘संगीतरत्नाकरा’तले, म्हणजे तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला यादवांच्या आश्रयाने सिद्ध झालेल्या ग्रंथातले, मेस्सियाँ यांना ते एका फ्रेंच संगीतकोशात मिळाले.

प्रतिसाद २ (निवृत्त प्राध्यापक, कोथरूड):
हिशेबाइतकीच छावणीही ध्यानात घ्यावी. व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो आणि पियानो असा विरळा मेळ जमला, कारण कैद्यांत तेच वादक होते. कार्ल-अल्बर्ट ब्र्युल या जर्मन पहारेकऱ्याने लिहिण्याचे साहित्य पुरवले आणि १५ जानेवारी १९४१ रोजी ग्यॉर्लिट्झच्या छावणीत, कडाक्याच्या थंडीत, पहिला प्रयोग झाला. पियानोच्या काही पट्ट्या दाबल्यावर वर येत नसत. श्रोते पाच हजार होते असे मेस्सियाँ पुढे सांगत. चेलोवादक एतिएन पास्किए यांच्या आठवणीत ते काही शेच होते आणि मला पास्किए यांचेच म्हणणे पटते. तिसरा भाग अवश्य ऐकावा. तो एकट्या क्लॅरिनेटचा असून आँरी आकोका या ज्यू वादकासाठी लिहिलेला आहे.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज पहाटे कॉर्डकडे लक्ष न देता बोटांच्या पेरांवर केवळ आघात मोजले. सतराव्यावर लय लांबते, तिथेच आवर्तन पुरे होते आणि पुढच्या पहिल्या आघाताला निराळाच कॉर्ड येतो, हे स्पष्ट ऐकू आले. आता चेलोचे आवर्तन मोजायला घेतो.