लोहमार्गाखाली खडी की काँक्रीट?

मापपट्टी:
नव्या लोहमार्गांसाठी खडी वापरणं आता सरसकट थांबवावं, असं माझं मत आहे. प्रत्येक चाकाच्या दणक्याने खडीचे धारदार कोपरे झिजतात, भुकटी होते, ती पाणी धरून ठेवते आणि मार्ग बसायला लागतो. मग यंत्र आणून खडी पुन्हा ठोकायची. हे चक्र संपत नाही. जपानने १९६४ मध्ये तोक्यो ते ओसाका शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, खडीवर सुरू केली. देखभालीचा भार लक्षात आल्यावर, १९७५ मध्ये सुरू झालेल्या ओकायामा ते हाकाता टप्प्यात बहुतेक मार्ग काँक्रीटच्या लाद्यांवर घेतला. जर्मनीने १९७२ मध्येच ऱ्हेडा स्थानकात काँक्रीटचा मार्ग घालून बघितला होता. सुरुवातीला पैसे जास्त लागतात हे खरं, पण साधारण ६० वर्षांचं आयुष्य धरून लादी बांधली जाते. तेवढ्या काळात खडी किती वेळा ठोकावी, चाळावी, बदलावी लागेल?

भरावकरी:
साफ असहमत. वेगासाठी लादीच हवी असं कुणी म्हणणार असेल तर आधीच सांगतो: फ्रान्समध्ये ३ एप्रिल २००७ रोजी गाडी ताशी ५७४.८ किमी धावली, ती खडीच्या मार्गावर.
खरा प्रश्न खालच्या जमिनीचा आहे. ताजा मातीचा भराव कितीही दाबून घ्या, तो पुढे काही वर्षं थोडाथोडा बसत राहतो. खडीच्या मार्गावर ते सावरता येतं. ठोकणी यंत्र काम करताना जवळून बघा. रूळ स्लीपरसकट, म्हणजे खालच्या आडव्या तुळईसकट, उचलून धरला जातो, लोखंडी काटे स्लीपरच्या दोन्ही बाजूंना खडीत उतरतात, थरथरत एकमेकांकडे सरकतात आणि खडी स्लीपरच्या पोटाखाली गच्च बसते. काही सेकंदांत यंत्र पुढच्या स्लीपरवर. लादी खचली तर रुळाखाली पट्ट्या सारून दोन-अडीच सेंटीमीटर भरून काढाल. त्यापुढे लादीखाली भरण दाबून ती उचला, नाहीतर फोडा. तोवर गाड्या कुठून नेणार?

मापपट्टी:
भरावाचा मुद्दा वजनदार आहे. पण उन्हाचं काय? मध्ये फट न ठेवता सलग जोडलेल्या रुळाला पसरायला जागाच नसते. मीटरला ६० किलो वजनाचा रूळ घेतला तर तापमानाच्या दर अंशामागे त्यात जवळजवळ दोन टनांचा दाब साठतो. ३० अंश वाढले की एका रुळात ५५ टनांच्या आसपास. त्याला बाजूला सरकू न देणारी पकड खडीची, आणि तुम्ही ज्या ठोकणीचं कौतुक करताय तिच्यानंतर लगेच हीच पकड सैल झालेली असते. म्हणून तर तिथे गाड्या काही काळ हळू चालवतात. लादीत हा धोका जवळपास उरत नाही.

गस्तवाट:
मी मार्गावर पायी फिरून तपासणीचं काम केलंय, त्यामुळे माझं मत भरावकरींच्या बाजूने. खडीचा दोष नजरेला दिसतो. स्लीपर खालून पोकळ झाला की त्याच्या कडेच्या खडीवर पांढरट भुकटीचा डाग पडतो. काळपट खडीत तो दुरूनच कळतो. पावसाळ्यात तिथेच चिखल वर येतो. म्हणजे वेळेत कळतं आणि चार माणसांत दुरुस्त होतं. लादीखालची पोकळी वरून अशी दिसत नाही.
आणखी एक. चालू मार्गावर रात्रीचे तीन-चार तास मिळतात. तेवढ्यात खडी चाळून होते. काँक्रीट ओतून, ते घट्ट होऊन, सकाळी पहिली गाडी सोडणं फार अवघड.

मापपट्टी:
ठीक. ‘सरसकट’ हा शब्द मागे घेतो. पण बोगद्यात खडीचा हट्ट कशासाठी? तिथे जमीन पक्की, उन्हाचा ताप नाही, लादीची जाडी कमी म्हणून वर जागा वाचते, आणि अंधारात माणसं पाठवण्याची वेळही कमी येते.

भरावकरी:
बोगद्यात लादी घाला, तिथे माझं काही म्हणणं नाही. मला काळजी बोगद्याच्या तोंडाची आहे. आत ताठ लादी, बाहेर दबणारी खडी, आणि चाक एका झटक्यात एकावरून दुसरीवर जातं. पुलाच्या टोकांनाही हेच, म्हणून मार्ग नेमका तिथेच आधी बसतो. ताठपणा टप्प्याटप्प्याने उतरवणारा जोडपट्टा नीट आखला नाही, तर आत वाचवलेली देखभाल त्या थोड्या मीटरांवर खर्च होईल. तुमच्या ६० वर्षांच्या हिशेबात तो पट्टा धरलाय का?

मापपट्टी:
नाही धरला. तो धरून हिशेब पुन्हा मांडतो.