अनुभव धागा: कमी कार्बचा (कर्बोदकांचा) डबा, रविवारी करून कॉलेजात गरम करण्याजोगा

तासगावकरीण:
माळा आवरताना पितळी डबा सापडला. तीन पुडांचा, झाकणावर घराचं नाव कोरलेलं. मी सांगलीला विलिंग्डन कॉलेजला असताना आई रोज सकाळच्या एसटीतनं पाठवायची. स्टँडवर डब्यांची रांग लागायची, नाव बघून ज्याचा त्यानं उचलायचा. दुपारपर्यंत भाकरी वातड आणि कालवण गार. गरम करायची सोयच नव्हती.

आता लेक सांगलीतच इंजिनिअरिंगला आहे. पीसीओडी निघालं, म्हणजे पाळी बिघडवणारा हार्मोन्सचा त्रास. डॉक्टर म्हणाले साखर, मैदा बंद, भात-चपाती कमी, प्रथिनं वाढवा. मेसमध्ये रोज बटाटा नि भात, पोरगी काय कमी करणार? पण हॉस्टेलला फ्रीज आणि मायक्रोवेव्ह आहे, त्यामुळे रविवारी करून देते.

सगळ्यात चांगली टिकतात ती भरली वांगी. कूट, तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसूण चटणी, गूळ अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी मसाला जास्तच मुरतो, गरम केल्यावर तेल परत सुटतं. चिकन सुक्क्यापेक्षा रस्सा बरा, सुकं दोऱ्यासारखं होतं. पनीर भुर्जी थोडी ओली ठेवायची, गरम करताना चमचाभर पाणी शिंपडून झाकण अर्धवट. मेथी-अंडं चालतं. भेंडी नाही, चिकट गोळा होतो. फ्लॉवर किसून तव्यावर कोरडा परतला की भातासारखा लागतो, पण थोडा कच्चाच उतरवायचा, पुढचा मायक्रोवेव्हमध्ये शिजतो.

एका वेळचं एका डब्यात. निवलं की लगेच फ्रीजमध्ये, दोन तासांच्या वर बाहेर नाही. बुधवारपर्यंतचंच देते. गुरुवार-शुक्रवारचं काय करावं सुचत नाही. तुमचे अनुभव लिहा, मनापासून हवेत.

कृष्णाकाठ:
वांगी कुठली घेता ताई? काटेरी देठाची, कृष्णेच्या काठावरची असतील तरच ती चव. बाकीची नुसती पाणचट.

तासगावकरीण:
काठावरचीच हो. दीर पाठवतात.

कृष्णाकाठ:
मग प्रश्नच मिटला 🙏

हॉस्टेलचा_पोऱ्या:
रांगेत उभा राहून लिहितोय, चुकलं तर समजून घ्या. आमच्याकडं एकच मायक्रोवेव्ह आणि जेवणाची सुट्टी एकाच वेळी. म्हणून डबा पसरट घ्या. खोल डब्यात कडेला उकळतं नि मध्ये बर्फ. मध्येच काढून हलवायचं, परत लावायचं, वाफ निघाली पायजे.
उकडलेलं अंडं अख्खं कुणी लावू नका. गेल्या महिन्यात एकाचं आतच फुटलं. बलक आत तापतो, वाफेला वाट नसते. अर्धं कापून सुद्धा मी गारच खातो. आणि स्टीलचा डबा घालणारे अजून भेटतात, ठिणग्या उडतात राव.

सातारची_सून:
आमच्याकडं सगळे म्हणतात ज्वारीची भाकरी लो-कार्ब असते, कितीही खा. खरं का? सासूबाई साखरेवाल्या आहेत. दोन भाकऱ्या खाऊन वर म्हणतात चपाती सोडली मी.

आहार_अभ्यासक:
नाही हो. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात 65-70 ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हाच्या आसपासच. भाकरी चांगलीच आहे, पण अर्धी खा आणि भाजी दुप्पट घ्या. कडधान्यांचंही तसंच. आपला अख्खा मसूर पौष्टिक, पण कमी कार्बचा म्हणता येणार नाही. फ्लॉवर, वांगं, पालेभाज्या 100 ग्रॅमला 10 ग्रॅमच्या आतच राहतात. एका अंड्यात एक ग्रॅमही नसतं, प्रथिनं मात्र सहा ग्रॅम.
सासूबाईंना इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर एकदम भाकरी तोडू नका. आधी डॉक्टरांना विचारा, साखर फार खाली जाऊ शकते.

माणदेशी:
वरचं शंभर टक्के. माझ्या मुलाला टाइप 1 मधुमेह आहे, बारावीत सापडला. कॉलेजात जाताना डब्याबरोबर ग्लुकोजची पुडी खिशात असतेच. सुरुवातीला रात्र रात्र झोप नसायची. आता तोच हिशोब करतो, कशात किती कार्ब आणि इन्शुलिन किती युनिट. डबा रोज साधारण सारखा असला की त्याला सोपं जातं, म्हणून मी पण आधी करून ठेवते.

तासगावकरीण:
ताई, वाचून गलबललं. लेकराला खूप आशीर्वाद. खरंच धीराच्या आहात.

मिरजेची_मावशी:
एसटीचा डबा! आमच्या भावाचा कायम दुसराच कुणीतरी न्यायचा. मग त्याचा डबा हा खायचा. त्यातनं जी दोस्ती झाली ती अजून आहे, लग्नकार्याला पहिलं आमंत्रण त्यालाच.
कुणी पुण्यातलं असेल तर सांगा, भडंग पाठवायचंय, कुरिअरवाला चुरा करतो.

हॉस्टेलचा_पोऱ्या:
मावशी भडंग लो-कार्बमध्ये बसत नाही, इकडं पाठवा, आम्ही सांभाळतो 😄

मिरजेची_मावशी:
पत्ता दे बाळा, पाठवते. चुरमुरेच ते, बसत नाहीत हे खरं.

कराडकर:
गुरुवार-शुक्रवारसाठी: वांगी आणि चिकन रस्सा फ्रीझरमध्ये नीट राहतो. बुधवारी रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवायला सांगा. पनीर गोठवलं की भुसभुशीत होतं, भुर्जीला चालेल, तुकड्यांना नाही. फ्लॉवर गोठवू नका, पाणी सुटतं. आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात गरम करणं बंद करा सगळ्यांनी. काचेचा जाड डबा घ्या. प्लॅस्टिकच हवं तर तळाला त्रिकोणात 5 आणि मायक्रोवेव्हचं चिन्ह बघूनच.

तासगावकरीण:
फ्रीझर आहे तिथं, विचारलं आत्ता. पण काच जड होते, बसमध्ये पाठीवर घेऊन जाते ती.

कराडकर:
मग काचेचा एकच, हॉस्टेलवर ठेवायचा. घरनं हलक्या डब्यात न्यायचं, गरम करताना काचेत ओतायचं.

सातारची_सून:
हे बेस्ट. कुणी फ्लॉवरचा वास कमी कसा करायचा सांगाल का? पोरीच्या रूममेट्स कुरकुरतात.

मिरजेची_मावशी:
परतताना आलं, लिंबू. आणि झाकण खोलीत नाही, पॅन्ट्रीतच उघडायला सांग. कुकर लावलाय, येते परत.