मॉन्स्टरसाठी तुमचं आवडतं टेम्पलेट कोणतं? मदत हवी आहे

मंडळी, आमचा पाथफाइंडर फर्स्ट एडिशन या टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचा खेळ चालू आहे, मी जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) आहे, आणि प्लेयर्सना आता सगळे मॉन्स्टर तोंडपाठ झालेत, ट्रोल दिसला रे दिसला की आग नाहीतर अ‍ॅसिड काढतात. म्हणून मी टेम्पलेट (मॉन्स्टरचे आकडे आणि ताकदी बदलणारा तयार नियमसंच) लावायला लागलो. अ‍ॅडव्हान्स्ड सगळ्यात सोपं, सगळ्या रोलना +२, एसीला (आर्मर क्लास, वार लागणं किती अवघड ते) +४, प्रत्येक हिट डायला (मॉन्स्टरचा जीव ठरवणारा फासा) २ एचपी (हिट पॉइंट्स, म्हणजे जीव) जास्त, सीआर (चॅलेंज रेटिंग, म्हणजे मॉन्स्टर किती कठीण ते) १ ने वाढवला की झालं. पण यात नुसते आकडे फुगतात, लढाई तीच राहते आणि उगाच लांबते.

खरी मजा आली ती रेड हाफ-ड्रॅगन ट्रोलला. पंख आहेत, आगीचा फवारा आहे आणि वर आगीचा काहीच परिणाम होत नाही, म्हणजे ट्रोलचं रिजनरेशन (जखमा आपोआप भरून येणं) थांबवायला फक्त अ‍ॅसिडच उरलं, सगळे एकदम सावध होऊन खेळायला लागले!

तर असं डावपेच बदलायला लावणारं अजून कोणतं टेम्पलेट आहे? मला आता आउलबेअरला (घुबड आणि अस्वल मिळून झालेला मॉन्स्टर) लावायचंय, पार्टी ४ जणांची, लेव्हल ७. आणि दोन टेम्पलेट एकावर एक लावली तर सीआरची नुसती बेरीज पुरते का, की तुम्ही अंदाजाने कमीजास्त करता?